जुनी गाडी विक्रीला काढताना: चार सुट्ट्यांचा हिशोब

मंडळी, गेल्या नोंदीत क्लचची केबल बदलून थांबलो होतो. त्यानंतर घरात ठरलं, गाडी विकायची. वय सतरा वर्षं, पळालेली १ लाख ६२ हजार किलोमीटर, पेट्रोल, पाच गिअर. 'आहे तशी देऊन टाक' असं सांगणारे बरेच भेटले. मी मात्र चार सुट्ट्या द्यायच्या ठरवल्या, एकाच अटीवर: जे दुरुस्त होईल ते करायचं, जे होणार नाही ते झाकायचं नाही.

पहिली सुट्टी

पॉलिशचं मशीन बाहेर काढायला हात शिवशिवत होते, पण दार उघडलं की दमट वास येत होता. वास मारणारी गाडी बाहेरून कितीही चमकवली तरी बघायला आलेला माणूस दोन मिनिटांत खाली उतरतो. ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचलली, कार्पेट दाबलं, तर बोटांच्या फटीतून पाणी वर आलं.

संशयित तीन. हीटरमधून गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), काचेखालच्या जाळीतून शिरणारं पावसाचं पाणी, किंवा एसीचं पाणी. पांढरा टिश्यू टेकवून पाहिला. रंग नाही, चिकटपणा नाही, गोडसर वास नाही, म्हणजे कूलंट बाद. काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओतलं, ते सरळ चाकामागून खाली गेलं. मग एसी दहा मिनिटं जोरात चालवला आणि वाकून गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडीठाक. दमट हवेत एसी चालला की खाली थेंब पडायलाच हवेत. ते पडत नसतील, तर आत साठतायत.

एसीचं पाणी बाहेर सोडणारी एक बोटभर रबरी नळी इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून बाहेर येते. गाडी स्टँडवर घेऊन खाली शिरलो आणि गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूहळू नळीत सारली. तार वापरू नका, आतल्या एव्हॅपोरेटरच्या, म्हणजे हवा थंड करणाऱ्या भागाच्या, पत्र्या फार नाजूक असतात. चार-पाच इंच गेल्यावर काहीतरी मऊ लागलं, दोरी फिरवली आणि काळं पाणी, गाळ, पानांचा चोथा असं सगळं थेट माझ्या बाहीत. इतका आनंद नवीन टायर घेतल्यावरही झाला नव्हता.

सीट काढली, कारण कार्पेटखालचा फोम जागेवर वाळत नाही. सीटखालचा पिवळा कनेक्टर एअरबॅगच्या यंत्रणेचा असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा, आणि तो सुटा असताना चावी फिरवू नका, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागून बसेल. फोम पंख्याखाली वाळायला चार दिवस लागले. खालच्या पत्र्यावर वरवरचा गंज होता. तारेच्या ब्रशने घासून, गंज मारणारं रसायन लावून वर प्रायमर दिला. केबिनचा फिल्टर बदलला. आत सुगंधी डबी ठेवलेली नाही, कारण नवीन वास आला की माझ्यासारखा माणूस लगेच जुना शोधायला लागतो.

दुसरी सुट्टी

हेडलाइट. हे काम सगळ्यात स्वस्त आणि फरक सगळ्यात मोठा. प्लास्टिकवरचा संरक्षक थर उन्हाने जळतो, म्हणून काच पिवळी दिसते. टूथपेस्टने घासून चार दिवसांची चमक मिळते, त्या फंदात पडू नका. आजूबाजूच्या रंगावर टेप लावली आणि वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा सँडपेपर, नंबर मोठा तितका बारीक) ८००, १५००, २०००, ३००० असा चढत नेला, प्रत्येक वेळी भरपूर पाणी आणि आधीच्या रेघांना आडवा हात. ८०० नंतर काच दुधाळ होते, तेव्हा घाबरू नका, खरी फजिती मधला नंबर गाळल्यावर होते. शेवटी पॉलिश, आणि त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा थर. तो दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा परत.

तिसरी सुट्टी

रंग. धुतल्यावर हातात प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून फिरवली. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ माती, फिरवली, ती तपकिरी झाली. मग मशीनने पॉलिश.

इथे माझी चूक. बॉनेटच्या पुढच्या कडेला पॅड थोडा जास्त वेळ टेकवला. कडेला वरचा पारदर्शक थर पातळ असतो, हे तुम्हाला दहा वेळा सांगणारा मीच. पांढऱ्या पॅडवर गाडीचा निळा रंग दिसला तेव्हा उशीर झाला होता. नाण्याएवढा डाग निस्तेज राहिला. अख्खं बॉनेट रंगवून घ्यायचा विचार आला, पण ताजा रंगवलेला एकच पत्रा दिसला की घेणारा अपघात शोधत बसतो. डागाचा जवळून फोटो काढला आणि जाहिरातीत टाकला.

मागच्या दाराचंही तसंच. रंगाची जाडी मोजायच्या यंत्रावर बाकी गाडी १०० ते १३० मायक्रॉन, ते दार २८०. कधीतरी घासलं गेल्यावर रंगवलं होतं. तेही लिहिलं.

चौथी सुट्टी

इंजिन. टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) गॅस्केटमधून, म्हणजे गळती रोखणाऱ्या पट्टीतून, तेल पाझरून एक्झॉस्टवर पडायचं आणि सिग्नलला जळका वास यायचा. गॅस्केट बदललं, बोल्ट मधून बाहेर असे थोडे-थोडे आवळले. इंजिन मात्र धुतलं नाही, फक्त फडक्याने पुसलं. लखलखीत इंजिन म्हणजे गळती लपवलीय, असाच अर्थ जाणकार काढतात.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर 'पी ०१७१' हा बिघाडाचा कोड होता, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणात हवा जास्त. इंजिनात हवा जाते त्या इनटेकची एक व्हॅक्यूम नळी वाकाच्या आतल्या बाजूने चिरली होती. ती बदलून कोड पुसला आणि मग २०० किलोमीटर फिरलो. विक्रीच्या आदल्या दिवशी कोड पुसणाऱ्यांना हे माहीत नसतं, की पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या 'अपूर्ण' दिसतात आणि समोरच्याचा स्कॅनर ते दाखवतो.

बॅटरी रात्रभर उभी राहून १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १४.२. टायरांवरचे शेवटचे चार आकडे वाचले: ३११९, म्हणजे २०१९ सालचा ३१वा आठवडा. नक्षी चांगली, पण वय झालंय. टायर मी बदलले नाहीत, किमतीत धरले. स्टेपनी गाडीच्याच वयाची निघाली, एकदाही न वापरलेली. ती वापरू नका असं सांगूनच देणार.

फोनच्या जोडण्या आणि जुने पत्ते स्टिरिओतून पुसले. हे मी जवळजवळ विसरलोच होतो.

काल

पहिला माणूस बघायला आला. गाडी रात्रीपासून मुद्दाम थंड ठेवली होती, कारण आधीच गरम केलेल्या इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. त्याने नमस्कार केला आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवला. मनात म्हटलं, आपल्यातलाच दिसतोय. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं, तो मागे जाऊन धूर बघत उभा राहिला. नाण्याएवढा डाग त्याने स्वतःहून शोधला, 'फोटोत होता तो हाच ना?' म्हणाला आणि पुढे गेला. मग शेजारच्या बाजूचं दार उघडून गुडघ्यावर बसला, मॅट उचलली आणि कार्पेटवर मूठ दाबली.

कोरडं होतं. दर अजून जुळलेला नाही.