ठाणे ते प्रभादेवी अनवाणी: एलबीएसने जाऊ नका

आधी महत्त्वाचं सांगतो. सोमवारी रात्री ठाण्याहून सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जायचं असेल तर एलबीएस (लाल बहादूर शास्त्री) मार्ग धरू नका. मुलुंड चेकनाक्यापासून कांजूरच्या गांधीनगर जंक्शनपर्यंत तर अजिबात नको. मला हा रस्ता तीन जणांनी सांगितला होता. "दिवे आहेत, माणसं आहेत, रात्रभर चहा मिळतो," असं प्रत्येकाचं म्हणणं. तिघेही बूट घालून गेले होते, हे मला नंतर कळलं.

आईचं बायपास जानेवारीत नीट पार पडलं. ऑपरेशनच्या आधीच तिने बोलून ठेवलं होतं की पोरगा घरापासून देवापर्यंत अनवाणी येईल. मार्चअखेरच्या एका सोमवारी रात्री साडेनऊला मी आणि माझा चुलतभाऊ तीन हात नाक्यावरून निघालो. अंतर सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. एवढं चालायची सवय तुम्हाला आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. नसेल तर आधी बुटात चालून बघा, मग अनवाण्याचा विचार करा.

शेजारच्या काकांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. "अरे, रात्री रस्ता गार असतो. आणि मोजे घाल, काही होत नाही." दोन्ही चूक. मार्चमध्ये दिवसभर तापलेलं डांबर रात्री दहालाही कोमट होतं. ते सोसवतं, त्यात काही अवघड नाही. मोज्यांनी मात्र घात केला. चेकनाक्याजवळ कुठलीशी गळकी पाइपलाइन होती, तिथे मोजे भिजले. त्यानंतर जी बारीक कच आत शिरली ती आतच राहिली. उघड्या पायाला लागलेला खडा पुढच्या पावलाला गळून पडतो, मोज्यातला खडा तुमच्याबरोबर चालत राहतो. मुलुंडला मोजे काढले तेव्हा उजव्या चवड्याखाली फोड आलेला होता. मोजे घालू नका.

अंतराची काळजी सगळे करतात, पायाखाली काय आहे याची कोणी करत नाही. जुनं, गाड्यांनी झिजून गुळगुळीत झालेलं डांबर सगळ्यात चांगलं. त्याहून चांगला रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा. तो जाड प्लास्टिकसारख्या रंगाचा असतो, जुना झाला की पायाला फरशीसारखा लागतो. नवीन पट्टा थोडा खरखरतो, कारण रात्री चमकावा म्हणून त्यावर काचेचे बारीक मणी टाकलेले असतात. ते रुतत नाहीत. सिमेंटचा रस्ता मात्र वाईट. गाड्या घसरू नयेत म्हणून त्यावर ओळीने रेघा ओढलेल्या असतात, आणि रस्ता जितका नवा तितक्या त्या रेघा धारदार. पहिला किलोमीटर काही जाणवत नाही, तिसऱ्या किलोमीटरला टाच किसणीवर घासल्यासारखी होते. पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ रात्री कधीच धरू नका. एखादा ब्लॉक अर्धा इंच वर आलेला असतो आणि अंगठ्याचं नख त्यालाच सापडतं.

आता तो तुकडा. भांडुप ते कांजूर एलबीएसच्या मधोमध मेट्रो चारचं काम. पत्र्यांमुळे रस्ता अरुंद, त्यामुळे सगळे चालणारे पत्र्याला चिकटून जातात. आणि पत्र्याच्या बुडाशीच सगळं पडलेलं असतं: खिळे, वेल्डिंगचे गोळे, आणि सळ्या बांधायची बारीक काळी तार. बाइंडिंग वायर म्हणतात तिला. डांबरावर पडलेली ही तार दिव्याखालीही दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च वरून मारला तर नाहीच दिसत. पायाच्या उंचीवर आडवा धरलात तर तिची सावली पडते, तेव्हा कळतं. हे आम्हाला उशिरा समजलं.

कांजूरला डाव्या तळव्याच्या कमानीत काहीतरी टोचलं. मला वाटलं खडा, म्हणून चालत राहिलो. दहा-बारा पावलांनी भाऊ म्हणाला, "दादा, थांब. मागे बघ." रस्त्यावर एका आड एक ओले ठिपके होते. बंद मेडिकलच्या पायरीवर बसलो. त्याने पाय मांडीवर घेतला, बाटलीतलं पाणी ओतलं, टॉर्च धरला. तारेचा जेमतेम एक सेंटिमीटरचा तुकडा होता, टोकाला वाकलेला. सरळ ओढला की आतलं टोक मांसात अडकायचं. शेवटी चिमट्याने धरून ज्या दिशेने वाकला होता त्याच दिशेने गोल फिरवत काढला. मग वाहतं पाणी, बीटाडीन, कापूस, वरून चिकटपट्टी. अर्धा तास गेला. चिमटा भावाने आणला होता, माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पाणी घरी विसरलात तरी वाटेत मिळेल. रात्री एक वाजता चिमटा मिळणार नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन जायच्या आधीच घेऊन ठेवा. असली घाण जखम झाली आणि आधीच्या डोसाला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर परत घ्यावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी घेतलं.

गांधीनगरहून जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) पुलावरून रूळ ओलांडून आम्ही पूर्व द्रुतगती महामार्गावर आलो आणि रस्ताच बदलला. डांबर, मोकळी कडा, वारा. जखमी पायानेही वेग वाढला. ठाण्यातून निघतानाच हा महामार्ग का धरला नाही, याचा राग मला अजून आहे. फक्त तिथे गाड्या सुसाट असतात. सर्व्हिस रोड असेल तिथे तोच धरा. नसेल तिथे समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने, एकामागे एक चाला. पाठीवर चमकणारी पट्टी हवीच. छेडानगरच्या उड्डाणपुलांवर चढू नका, खालून जा. दारूच्या दुकानांसमोरून आणि बसथांब्यांच्या मागून जाणं टाळा, बाटल्या तिथेच फुटतात. गाडीच्या बाजूच्या खिडकीची काच फुटलेली दिसली तर फार घाबरू नका, तिचे चौकोनी दाणे होतात. बाटलीची काच पापुद्र्यासारखी सुटते, ती खोल जाते.

शीव ते दादर सहज गेलं. किंग्ज सर्कल, दादर टीटी, टिळक पूल. सांगण्यासारखं काही नाही.

सव्वासहाला प्रभादेवीत पोचलो. मंगळवारी देऊळ पहाटे सव्वातीनच्या सुमारास उघडतं आणि पाचला काकड आरती असते. ती मिळवायची असेल तर ठाण्याहून संध्याकाळी सातलाच निघायला हवं. आमची चुकली. रांगेत अडीच तास गेले, पण त्या अडीच तासांबद्दल माझी तक्रार नाही. आत पाय टेकला तेव्हा गार, गुळगुळीत फरशी तळव्याला लागली आणि मला रडू आलं. १८०१ साली लक्ष्मण विठू आणि देऊबाई पाटील यांनी हे देऊळ बांधलं. देऊबाईंना मूल नव्हतं, इतर बायकांना तरी व्हावं म्हणून त्यांनी पैसे दिले असं सांगतात. त्या रांगेत उभं राहून हे आठवलं की आपल्या आईचं बोलणं फार जुन्या ओळीतलं आहे हे कळतं. अंगारकीला मात्र अनवाणी चालत जाऊ नका. त्या गर्दीत सोललेल्या बोटांवर कोणाची तरी टाच पडणारच.

लुटलं गेलो ते बाहेर. फुलांच्या एका स्टॉलवर "बॅग ठेवा, फुकट आहे" म्हणाले आणि परत घेताना ३५१ रुपयांचं ताट घेतल्याशिवाय बॅग देईनात. दर आधी विचारा, मोठ्याने विचारा. नंतर दादरसाठी टॅक्सी. तिघांनी मीटर टाकायला नकार दिला, चौथ्याने माझ्या पायाकडे बघून २५० सांगितले. टॅक्सीचं किमान भाडं तेव्हा ३१ रुपये होतं आणि दादर स्टेशन तिथून जेमतेम अडीच किलोमीटर. मीटरने पन्नास-साठ झाले असते. मी दिले, कारण एक पाऊलही टाकवत नव्हतं. रिक्षा शोधू नका, शीव आणि वांद्र्याच्या दक्षिणेला त्यांना परवानगीच नाही.

आणि हे कोणीच सांगितलं नव्हतं: मे २०२५ पासून मेट्रो तीनचं सिद्धिविनायक स्टेशन देवळाच्या शेजारी आहे. दादर पुढचंच स्टेशन. मला टॅक्सीत बसल्यावर त्याची पाटी दिसली. तुम्ही तिकडेच जा, फक्त सरकत्या जिन्यावर अनवाणी पाय ठेवू नका. त्याच्या पायऱ्यांना धातूचे दाते असतात आणि टोकाला बोट अडकू शकतं. लिफ्ट घ्या.

सगळ्यात मोठी चूक परतीची. दादरला खाऊन, लोकलने ठाण्याला उतरेपर्यंत साडेअकरा झाले. स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं उन्हात, काळ्या डांबरावर. रात्रभर घासून पातळ झालेली कातडी तिथे भाजली. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो आणि शेवटी भावाची रिकामी पिशवी घडी करून तिच्यावर उभा राहिलो. घरी आल्यावर आईने पाय बघितले आणि म्हणाली, "अरे, मी जाण्याचं बोलले होते. येताना चप्पल घालायची की." रबरी चप्पल पिशवीत ठेवा. साध्या स्लिपर चालतील, पण दोन नंबर मोठ्या घ्या, सकाळपर्यंत पाय सुजतात.

फोड फोडू नका. मी एक फोडला, तोच पिकला. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवायचे, पुसून कोरडे करायचे, झोपताना सुती कापड गुंडाळायचं. चौथ्या दिवशी माझी टाच टेकली. मधुमेह असेल तर अनवाणी जाऊच नका. तळव्याची जाणीव कमी झालेली असते, माझ्यासारखी तार रुतली तर घरी येईपर्यंत कळणार नाही. नवस असेल तर घरातलं दुसरं कोणी फेडू दे. पावसाळ्यातही नको. साचलेल्या पाण्यातून, पायाला जखम असताना चाललात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. तसं झालंच तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन पाण्यातून चाललो हे स्पष्ट सांगा, म्हणजे वेळेत गोळ्या मिळतील.

सराव किमान तीन आठवडे करा, आणि तो सोसायटीच्या गच्चीवर नको. मी गच्चीवरच केला होता. घराजवळच्या डांबरी रस्त्यावर रोज पहाटे अर्धा तास चाला, दुसऱ्या आठवड्यात एक तास, तिसऱ्यात एकदा तरी सलग आठ-दहा किलोमीटर. कातडी जाड व्हायला वेळ लागतो, तिला घाई चालत नाही. भावाच्या नवसासाठी आम्ही दिवाळीनंतर परत निघणार आहोत, या वेळी थेट महामार्गाने. चिमटा मी त्याच दिवशी विकत घेतला.