खिळा न ठोकता

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या दसऱ्याआधी पुसून काढायच्या, हे आमच्या घरात माझं काम. दुपारी जेवणं झाल्यावर सुरू केलं तर चहापर्यंत उरकायला हवं. उरकत नाही, कारण फळ्यांवर अंथरलेले कागद. रद्दीतला असो की वाण्याच्या पुडीचा, छापील कागद हातात आला की वाचल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्याचं दुसरं काय होणार! यंदा पोह्यांच्या डब्याखालून कालनिर्णयचं एक पान निघालं. जुलै २०२३. कोपऱ्यात डब्याच्या बुडाचा तांबूस गोल, आणि तारखांच्या चौकोनांत बायकोचं बारीक, घाईचं अक्षर : ‘पिवळी पिशवी’, ‘जिना आपला’, ‘उल्म’, ‘उल्म रद्द’, ‘लिंडाउ, दशम्या’.

हे पान पुण्यातल्या भिंतीवरचं नव्हे. जर्मनीतल्या श्टुटगार्टहून परत येताना काचेच्या बरण्यांना गुंडाळून आलेलं.

ही गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. कंपनीने तिला दीडेक वर्षासाठी तिकडे पाठवलं. माझं काम लॅपटॉपवर कुठेही मावणारं, म्हणून मीही गेलो. ‘तो तिच्याबरोबर गेलाय’ हे वाक्य आमच्या नातेवाइकांनी निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं. श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. बहिणींमधलं साम्य मला शोधूनही फारसं सापडलं नाही. घर मिळायची मारामार मात्र दोन्हीकडे सारखीच. शेवटी हेस्लाख नावाच्या भागात, डोंगराच्या उतारावर, सामानासकट भाड्याचं घर मिळालं. पलंग, सोफा, सुऱ्या, चमचे, अगदी अंडी उकडायचं यंत्रसुद्धा. नव्हता तो फक्त भिंतीला खिळा. करारातही बजावलं होतं की भोक पाडलंत तर जाताना बुजवून, रंगवून द्यायचं.

आता कालनिर्णय भिंतीवर असावं हे जाहिरातवाले सांगून गेले, पण भिंतीला खिळा असावा हे त्यांनी गृहीतच धरलं. आणि कॅलेंडर भिंतीवर नसेल तर माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. फोनमध्ये तारीख असते, मान्य. पण फोनमधल्या तारखेला शेजार नसतो. पुढचा गुरुवार कुठे बसलाय हे मला डोळ्यांनी दिसावं लागतं.

पहिल्यांदा चिकटवायचा हूक आणला. तिकडच्या भिंतींना बहुतेक ठिकाणी जाडाभरडा, लाकडाच्या भुशाचे दाणे असलेला कागद लावून वर रंग दिलेला असतो. त्याला कुठलाच डिंक धरत नाही. रात्री धप्पकन आवाज झाला, ही दचकून उठून बसली, चोर म्हणून मी दिवा लावला तर वर्ष खाली पडलं होतं. मग चुंबक लावून फ्रीजवर टांगायचं ठरवलं, तर फ्रीज लाकडी दाराच्या आत चिणलेला. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या मुठीला पट्टीची कडी अडकवली. छान बसलं. पण घरमालकीणबाईंचा नियम असा की दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी येते. म्हणजे दिवसातून दोनदा महिना उतरवायचा, टेबलावर ठेवायचा, थंडीने कुडकुडत दहा मिनिटं थांबायचं आणि परत टांगायचा.

मला त्याचं काही वाटलं नाही. मी असल्याच घरांत वाढलोय.

बाबा वीज मंडळात. दर तीन-चार वर्षांनी बदली. परभणी, चाळीसगाव, चिपळूण, मध्ये थोडे दिवस दौंड. आईचा कायदा एकच : बदलीच्या घरात आपण खिळा ठोकायचा नाही. आधीच्या बिऱ्हाडाने ठोकून ठेवलेत त्यांवरच संसार टांगायचा. त्यामुळे नव्या घरात पाऊल टाकलं की आई खोल्या बघायची नाही, खिळे बघत फिरायची. परभणीला एकुलता मजबूत खिळा चुलीच्या वर निघाला. त्या घरातली आमची सगळी वर्षं फोडणीने पिवळी झाली. चाळीसगावच्या वाड्यात तो इतका उंच होता, की दुधाचा खाडा मांडायला आई स्टुलावर चढायची आणि मी स्टूल धरायचो. ‘सतराला अर्धा लिटर जास्त, लिही’ असं ती स्वतःलाच वरून सांगायची. चिपळूणला खिळा दाराच्या मागे. एकादशी कधी आहे हे बघायचं तर दार लावून घ्यावं लागे आणि बाहेर आलेला माणूस उगाच गोरामोरा होई.

एकदा, त्या चाळीसगावच्याच घरात, बाबांनी माझ्या चित्राच्या बक्षिसाची चौकट लावायला हातोडी घेतली. पहिल्याच ठोक्याला मातीच्या भिंतीचा पोपडा सुटला, हाताएवढा, आणि आत तुसाचा गारा दिसला. आई काही बोलली नाही. तिने कणीक भिजवली, त्यात थोडा चुना कालवला, भेग लिंपली आणि वरून माझंच चित्र कणकेने चिकटवलं. वर्षभराने मुंग्यांनी गणपती खाल्ला, सोंडेकडून सुरुवात करून. जर्मनीत जुने भाडेकरू भोकं टूथपेस्टने बुजवतात असं ऐकलं, तेव्हा मला फार घरच्यासारखं वाटलं.

असो. पानावरची ‘पिवळी पिशवी’ म्हणजे प्लास्टिकचा कचरा बाहेर ठेवायचा दिवस. ‘जिना आपला’ म्हणजे काय ते सांगायचं राहिलं. त्या मुलखात इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्या-आठवड्याने एकेका बिऱ्हाडावर येते. पाळी आली की आपल्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकते, आणि आठवडा संपला की ती गुपचूप शेजारच्या दाराला लावायची. श्टुटगार्टच्या १४९२ सालच्या नियमांतच आहे, की शहर स्वच्छ राहावं म्हणून प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाई मी झाडत असताना कठड्यावरून वाकून बघत. पाचव्या पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत. त्यांना माझ्या आईशी बोलता आलं असतं तर दोघींचं जमलं असतं.

त्या जुलैच्या पानावर सहा तारखेला छापील संकष्टी आहे आणि शेजारी पेनाने ‘नाना ६.३०’. नाना म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यापासून नाशिकला पंचवटीतल्या घरी एकटेच. ही संकष्टी करते, आणि कालनिर्णयात चंद्रोदय आपल्याकडच्या गावांचे. श्टुटगार्टला जुलैत सूर्यच साडेनऊला मावळतो. चतुर्थीचा चंद्र उगवायला जवळजवळ मध्यरात्र, त्यात गाव वाडग्यात वसलेलं, म्हणजे डोंगराआडून तो वर येईपर्यंत आणखी उशीर. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेक तपासायचे. पहिल्या महिन्यात तिने तसं करून पाहिलं. रात्री पाऊण वाजता आम्ही वरण-भात खाल्ला आणि मोदकांवरून भांडलो. मग नानांनीच तोड काढली. नाशिकचा चंद्र धरायचा. ते अंगणात जाऊन व्हिडिओ कॉल लावणार, चंद्र दाखवणार, ही लख्ख उन्हात उभी राहून फोनला नमस्कार करणार आणि साडेसहाला जेवणार. जुलैत नाशिकला ढगच ढग. तरी ते नेमाने काळं आभाळ दाखवत, कालनिर्णयातली वेळ मोठ्याने वाचत आणि ‘झाला हो, उगवला’ म्हणत.

१८ जुलैपासून पानावर अधिक श्रावण सुरू. जावयाला वाण द्यायचं ते नानांनी सोडलं नाही. हिच्या ऑफिसातला एक मुलगा पुण्याहून येत होता, त्याच्या हाती तेहतीस बत्तासे धाडले. निम्म्यांचा चुरा झाला होता. तो आम्ही चहात घातला. आमचं तिथलं सगळं राहणंच मला त्या अधिक महिन्यासारखं वाटायचं. वर्षात धरलेलं नाही, मुंजी-लग्नं त्यात करायची नाहीत, पण दिवस तर उगवतायत.

आणि मुंजी-लग्नं नाहीत म्हणूनच आम्ही इतके हिंडलो. त्या वर्षी १ मेपासून तिकडे ४९ युरोंचं महिन्याचं तिकीट निघालं. वेगवान गाड्या सोडल्या तर देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम, सगळं त्यावर चालतं. मराठी माणसाच्या हाती असलं तिकीट द्यावं का? शुक्रवारी रात्री ही कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभी राहायची. आपल्या गल्लीतली, दोराने डोंगरावर ओढली जाणारी गाडीसुद्धा आम्ही सोडली नाही. १९२९ सालची, सागवानी डब्यांची, हेस्लाखहून थेट डोंगरावरच्या दफनभूमीपर्यंत जाणारी. तिला तिथले लोक गमतीने ‘वारसा लाटणाऱ्यांची गाडी’ म्हणतात. म्हाताऱ्या विधवांबरोबर गोडीगुलाबीने कबरीपर्यंत कोण जातं, त्यावरून.

‘उल्म रद्द’ खोडून पुढच्या शनिवारी पुन्हा ‘उल्म’ लिहिलंय. त्या दिवशी प्लोखिंगेनला पुढची गाडी चुकली. फलाटावर बसून दशम्या आणि दाण्याची चटणी काढली, आणि समोर घरांच्या वर सोन्याचे गोळे लावलेला एक रंगीबेरंगी, वाकडातिकडा मनोरा. हुंडर्टवासर नावाच्या चित्रकाराने आखलेली राहती इमारत, १९९४ची. गाडी वेळेवर मिळाली असती तर मान वर झाली नसती. उल्मला पोचलो तेव्हा पाऊस. तिथल्या चर्चचं बांधकाम १३७७ला सुरू झालं आणि मनोरा १८९०ला पुरा झाला, १६१.५३ मीटर. तेव्हा जगातलं सर्वांत उंच चर्च तेच, आता बार्सिलोनाने तो मान घेतला. वर जायला ७६८ पायऱ्या. ‘तू जा, मी खाली चपला सांभाळते,’ असं ही म्हणाली, चपला काढायच्या नसतानाही. मीही गेलो नाही. चर्चच्या छपरावर चोचीत काडी धरलेली एक चिमणी आहे, तिच्याकडे बघत बसलो. गोष्ट अशी की उल्मच्या लोकांनी बांधकामाची लांब तुळई गाडीवर आडवी घातली आणि ती वेशीतून जाईना. वेस पाडायची असं ठरत आलं, इतक्यात एक चिमणी काडी लांबीच्या बाजूने घरट्यात सारताना दिसली. मग सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश. सोसायटीच्या लिफ्टमध्ये आमचा सोफा चढवणाऱ्या मंडळींना ही चिमणी दाखवायला हवी होती.

इतकं आम्ही पुण्यात राहून कधी बाहेर पडलो नाही. जुन्नर दोन तासांवर, लेण्याद्री अजून बघायची आहे. दर रविवारी कुणाचं तरी बारसं, नाहीतर पाण्याच्या टाकीवरून सोसायटीची मीटिंग. शिवाय जुन्नर कुठे जातंय?

तिकडे उलट. पाहायचं ते आत्ताच, आणि करायचं ते सगळं ‘परत गेल्यावर बघू’. मिक्सर नको, परत गेल्यावर घेऊ. माझी दाढ दुखत होती, डॉक्टर परत गेल्यावर. चांगली गादी, तिची गाडी शिकायची शिकवणी, परत गेल्यावर. नानांना आपल्याकडे आणायचं का, आणलं तर कुठल्या खोलीत, ते येतील का, माझ्या आईला चालेल का, हेही परत गेल्यावर. एकदा लिंडाउला बंदरावरच्या दगडी सिंहासमोर बसून हा विषय निघाला होता. तलावापलीकडे ऑस्ट्रियाचे डोंगर. अर्धं बोलून झालं आणि बोट आली.

निघताना घरमालकीणबाईंनी बॅटरी लावून भिंती तपासल्या. एक ओरखडा नाही. ‘तुम्ही राहिलातच नाही जणू,’ म्हणाल्या, आणि अनामत रक्कम पुरी परत केली.

इथे आल्यावर मिक्सर आला, दाढ भरली. तपकीर गल्लीतून ड्रिल मशीन आणलं आणि आपल्या मालकीच्या भिंतींना हवी तितकी भोकं पाडली. यंदाचं कालनिर्णय डोळ्यांच्या बरोबर समोर, मनाजोगतं टांगलंय.

नाना नाशिकलाच आहेत. शेजारच्या घरून त्यांचा डबा येतो. आता चंद्र दोन्हीकडे जवळपास एकाच वेळी उगवतो, त्यामुळे संकष्टीच्या कॉलचं काही कारण उरलेलं नाही. तो हळूहळू बंदच झाला. पान दाखवलं तेव्हा हिने ‘नाना ६.३०’ वाचलं, आणि दिवाळी झाली की त्यांचं काय ते ठरवू म्हणाली. मीही बरं म्हटलं. गेल्या वर्षीही दिवाळीच म्हटली होती. त्यांना आता ८१वं चालू आहे.