चॅटहॅमच्या लाकडी बॅटी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला केप कॉड नकाशावर कोपरात दुमडलेल्या हातासारखा दिसतो. बरोबर त्या कोपरावर चॅटहॅम हे साडेसहा हजार वस्तीचं गाव. जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गावाच्या संध्याकाळी बेसबॉलच्या असतात. चॅटहॅम अँगलर्स या गावाच्या संघात देशभरातल्या कॉलेजांची मुलं खेळतात. पगार नाही, राहायला गावातलंच एखादं घर. सामन्याला तिकीट नाही, प्रेक्षकांत देणगीसाठी टोपी फिरते. २००९ पर्यंत संघाचं नाव ‘एज’ (A's, म्हणजे अ‍ॅथलेटिक्स) होतं. ते तेव्हाच्या ऑकलंडच्या व्यावसायिक संघाचंही असल्याने ट्रेडमार्कचा प्रश्न आला आणि नाव बदललं.

संघ ठरलेला असा कधीच नसतो. कुणाचं कॉलेज जूनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अडकलेलं, म्हणून त्याच्या जागी तात्पुरता खेळाडू. जुलैत व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली की चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गेलाच म्हणून समजा. वर समुद्रावरचं धुकं. मैदानावर दिवे आहेत, पण धुक्यात दिव्यांचा उजेडच डोळ्यांवर येतो आणि उंच उडालेला चेंडू आउटफिल्डरला, म्हणजे लांबच्या क्षेत्ररक्षकाला, दिसेनासा होतो. सामना थांबतो.

तरीही मोठ्या संघांचे स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे, या मैदानांवर हमखास येतात, ते बॅटसाठी. कॉलेजात ही मुलं अ‍ॅल्युमिनियम किंवा कॉम्पोझिट बॅटने खेळतात. केप कॉडच्या लीगने १९८५ साली लाकूड परत आणलं. धातूची बॅट पोकळ; तिचा पत्रा किंचित दबून उसळी देतो. २०११च्या नियमांनी ही उसळी बरीच कमी केली, पण धातूची बॅट हातापाशी लागलेल्या चेंडूवर मोडत नाही, हा फायदा उरलाच. अंगाजवळ आलेला चेंडू तिच्या मुठीजवळ लागूनही कधीकधी इनफिल्डच्या, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या, डोक्यावरून पलीकडे पडतो. लाकडी बॅटचं तिथेच कांडकं होतं. पिचरला हे माहीत असतं, म्हणून तो बेधडक आत टाकतो. फलंदाजाचा खरा कस इथे लागतो. थर्मन मन्सनने १९६७च्या उन्हाळ्यात चॅटहॅमसाठी .४२० ची सरासरी मारली होती, म्हणजे शंभरातल्या बेचाळीस वेळा यशस्वी फटका. पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च मानाच्या यादीत, गेलेला जेफ बॅगवेलही इथलाच.

बहुतेक बॅटी ३३-३४ इंचांच्या, वजन ३१-३२ औंसांच्या आसपास. क्रिकेटची बॅट नीट बसवायला तेल आणि लाकडी हातोडा लागतो. इथे पाहायची ती रेषा. लाकडाच्या तंतूंची रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ हवी. ती तिरकी गेली असेल तर बॅट मुठीपाशी लांब चिरते. बॅटी अ‍ॅश, मेपल किंवा बर्च या झाडांच्या लाकडाच्या. मेपलच्या तंतूंच्या रेषा नीट दिसत नाहीत, म्हणून मुठीवर शाईचा ठिपका देतात. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि कोन मोजता येतो. व्यावसायिक बेसबॉलमध्ये तीन अंशांपेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही.

बॅट कशी धरायची हेही लाकडावर ठरतं. अ‍ॅशची ताकद वाढीच्या थरांच्या कडेवर, मेपलची सपाट बाजूवर; म्हणून दोन्हींवर कंपनीचा छाप वेगळ्या जागी असतो. नियम मात्र एकच: फटक्याच्या वेळी छाप आकाशाकडे किंवा जमिनीकडे, चेंडूकडे कधीच नाही. नवखा हे विसरतो आणि पहिल्याच आठवड्यात बॅट गमावतो. अ‍ॅश आधी पापुद्रे सोडते, इशारा देते. मेपल काही न सांगता मोठ्या तुकड्यांत उडते.

अ‍ॅशची झाडं तर भुंग्यानेच पोखरली आहेत. अमेरिकेत तो २००२ साली मिशिगनमध्ये सापडला, तेव्हापासून पसरतोच आहे. त्यामुळे आता बर्चकडे वळणारे बरेच. तिचं लाकूड जरा मऊ. आधी सरावात चेंडू मारून बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, दाबून घट्ट करावं लागतं. कोरी बर्च थेट सामन्यात काढली की ती चेंडूच्या खुणांनी भरते आणि चेंडू म्हणावा तसा लांब जात नाही.