उन्हातले झाड आणि बंद खोली

ऐरोलीतील ज्या कार्यालयात मी वातानुकूलनाची आरेखने करतो, तेथे परदेशातील इमारतींची कामे येणे नवीन नाही. रुग्णालये, शीतगृहे, डेटा सेंटर अशी कामे आम्ही वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. गेल्या जुलैमध्ये मात्र अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका जुन्या गोदामाचे काम आले आणि त्याच्या तपशिलात खोल्यांचा उपयोग म्हणून गांजाच्या रोपांचा वाढीचा कक्ष, फुलोऱ्याचा कक्ष आणि वाळवणीची खोली अशी नोंद होती. त्या राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये याला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून तेथे दुकानांतून उघड विक्री सुरू झाली, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा टोमॅटोच्या हरितगृहासारखाच एक प्रकल्प होता. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणे हा दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीस पात्र असा गुन्हा आहे, हे येथेच स्पष्ट सांगतो. पुढे जे लिहिले आहे ते कोणाला ठाण्यातल्या गच्चीवर प्रयोग करता यावा म्हणून लिहिलेले नाही. एका झाडाला त्याच्या जागेवरून उचलून चार भिंतींत कोंडले की त्याची किंमत वीज आणि पाणी यांच्या रूपाने कशी मोजावी लागते, हे मला आकड्यांतून पाहायला मिळाले, आणि ते मांडावेसे वाटले.

सुमारे हजार चौरस फुटांच्या एका फुलोरा कक्षाचा हिशेब घेऊ. प्रत्येकी हजार वॅटचे पन्नास दिवे छताला टांगलेले. म्हणजे पन्नास किलोवॅट वीज आत जाते आणि तिची जवळजवळ सगळी अखेर उष्णताच होते. ती बाहेर काढण्यासाठी चौदा टनांहून अधिक क्षमतेचे वातानुकूलन लागते, तर आपल्या घरातील झोपण्याच्या खोलीला एक किंवा दीड टनाचे यंत्र पुरते. दिवस लहान होऊ लागला की फुलोरा धरणाऱ्या जातीचे हे झाड असल्याने फुलोऱ्याच्या काळात दिवे बारा तास चालू आणि बारा तास बंद ठेवतात. बारा तासांत सहाशे युनिट केवळ दिव्यांचे. आमच्या नौपाड्यातील घराला महिन्याला सुमारे अडीचशे युनिट लागतात.

उष्णतेपेक्षा अवघड प्रश्न ओलाव्याचा असतो. झाडाला घातलेल्या पाण्याचा फारच थोडा भाग झाडात उरतो; बाकीचे पाणी पानांवाटे बाष्प होऊन हवेत येते. या कक्षात दिवसाला चारशे लिटर पाणी हवेत जाईल असे आम्ही धरले होते. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे ०.६८ युनिट उष्णता शोषली जाते, म्हणजे दिव्यांच्या उष्णतेचा निम्म्याच्या जवळपास भाग ओलाव्याचे रूप घेऊन हवेत तरंगत राहतो. फुलांचे घोस दाट होऊ लागले की हा ओलावा त्यांच्या आत साचतो आणि राखाडी बुरशी धरते, म्हणून आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची अट होती. हवेतले पाणी काढायचे तर ती दवबिंदूखाली, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, थंड करावी लागते, आणि तशी थंडगार हवा झाडांवर सोडता येत नाही म्हणून तिला पुन्हा ऊब द्यावी लागते. दिवे बंद असलेल्या रात्री तर हा खेळ निव्वळ विजेवर चालतो. मी हे गणित मांडत होतो तेव्हा खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, हवेत नव्वद टक्के ओलावा होता आणि घरी दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळत नव्हते. ज्या गोदामासाठी मी ओलावा काढण्याची यंत्रे निवडत होतो, त्याच्या भिंतीपलीकडे मात्र समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवरची कोरडी ठणठणीत हवा होती.

मग ती कोरडी हवाच आत का घेऊ नये, असा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारला. उत्तर असे मिळाले की कक्षात नळकांड्यांतून कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सोडला जाणार आहे; बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सव्वाचारशेच्या आसपास असते, आत ते हजाराच्या वर ठेवायचे आहे, आणि खिडकी उघडली तर विकत घेतलेला वायू निघून जाईल. उत्पन्न वाढावे म्हणून कर्बवायू विकत घ्यायचा, तो टिकावा म्हणून खोली बंद करायची आणि खोली बंद केली म्हणून बाहेर फुकट मिळणारी कोरडी थंड हवा सोडून वीज जाळायची, ही साखळी कागदावर आखताना मला संकोच वाटला. आमच्या व्यवसायात असा संकोच फार वेळ ठेवता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

हे एकट्या गोदामाचे वेड नाही. इव्हान मिल्स या ऊर्जा-संशोधकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील बंदिस्त गांजा लागवडीला देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का वीज लागते असा अंदाज मांडला होता आणि एक किलो तयार मालामागे ४,६०० किलो कर्बवायू हवेत जातो असा हिशेब दिला होता. पुढे २०२१ मध्ये कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी ठिकाणानुसार हाच आकडा काढला तेव्हा तो एक किलो वाळलेल्या फुलांमागे २,२८३ ते ५,१८४ किलो असा आला. झाड तेच, दिवे तेच. फरक मुख्यतः बाहेरच्या हवामानाचा आणि तेथील वीज कशापासून बनते याचा. समशीतोष्ण किनाऱ्यावर आकडा खाली येतो, थंडी-उन्हाळा टोकाचे असलेल्या प्रदेशांत तो वर चढतो.

तरीही लोक खोलीतच का लावतात, याचे उत्तर शेतीत कमी आणि कायद्यात जास्त सापडते. बंदीच्या काळात झाड लपवणे भाग होते, त्यामुळे तळघर आणि दिवा हीच लागवडीची पद्धत म्हणून रुजली आणि बंदी उठल्यावरही तीच कारागिरी मोठ्या प्रमाणावर चालू राहिली. शिवाय अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार हा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, म्हणून कॅलिफोर्नियाच्या उन्हात सहज पिकणारी गोष्ट बर्फाळ राज्यांना आपापल्या गोदामांत दिव्याखाली पिकवावी लागते. नाशिकची द्राक्षे ठाण्याला आणायला बंदी करावी आणि मग ठाणेकरांनी वागळे इस्टेटच्या गाळ्यांत द्राक्षवेली लावाव्यात, तशातला हा प्रकार.

यावर उपाय म्हणून जे काही सांगितले जाते, त्यातला सर्वांत मोठा उपाय म्हणूनच सर्वांत साधा आहे: झाड उन्हात न्यावे. ज्यांना वर्षातून एकापेक्षा अधिक पिके हवी आहेत त्यांच्यासाठी हरितगृह आहे, ज्यात दिवस मोठे असतानाही संध्याकाळी काळे पडदे ओढून झाडाला बारा तासांची रात्र देता येते. प्रकाश सूर्याचा, वीज फक्त पडदे आणि पंखे यांची. खोलीच हवी असेल तर जुन्या सोडियम दिव्यांच्या जागी एलईडी, रात्री झाडांचे बाष्पीभवन मंदावते त्याप्रमाणे ओलाव्याचे नियंत्रण, आणि बाहेरची हवा अनुकूल असेल तेव्हा ती आत घेण्याची सोय, हे उपाय बरे असले तरी दुय्यम आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याने मोठ्या लागवडींवर चौरस फुटाला ३६ वॅटची मर्यादा घातली, ती मला या सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण ती उपकरण कोणते घ्यावे हे सांगत नाही, किती जाळावे एवढेच सांगते.

जमिनीखालचा विचार आमच्या आरेखनात येत नाही, पण घरी गच्चीवर वीस कुंड्या सांभाळत असल्याने माझे लक्ष तिकडे गेलेच. त्या गोदामात रोपे रॉकवूलच्या ठोकळ्यांत लावली जाणार होती. रॉकवूल म्हणजे बेसाल्टसारखा खडक दीड हजार अंशांच्या पुढे वितळवून त्याचे काढलेले तंतू. आपल्या महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री ज्या दगडाचा आहे तो दगड वितळवायचा, त्यात चार महिने रोप वाढवायचे आणि मग तो ठोकळा कचऱ्यात टाकायचा, कारण तो कुजत नाही. त्याऐवजी नारळाच्या काथ्याचा भुसा वापरता येतो, मात्र त्यातले मीठ नीट धुऊन काढावे लागते. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे तीच माती वर्षानुवर्षे राखणे: कंपोस्ट आणि गांडूळखत, वर पालापाचोळ्याचे आच्छादन, ठिबकचे पाणी, आणि दोन पिकांच्या मधल्या काळात तागासारखे हिरवळीचे खत. लाल कोळी पडला तर विषारी फवाऱ्याऐवजी त्याला खाणारे मित्रकोळी सोडतात. हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेते आणि त्याची फुले पुढे माणसाच्या शरीरात जातात, म्हणून स्वच्छ माती आणि कमी फवारणी या येथे हौसेच्या बाबी राहत नाहीत.

ताग म्हटले की आपल्याकडे घोटाळा होतो. गांजाचेच झाड म्हणजे भांग; खोडापासून धागा देणारी ही भांग आणि आपला बोरूचा ताग या वेगवेगळ्या कुळांतील वनस्पती आहेत, पण इंग्रजीत दोघांच्याही नावात ‘हेम्प’ हा एकच शब्द येतो. अंबाडीची गोष्ट त्याहून गमतीची आहे. तिचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. पाने बोटांसारखी चिरलेली असल्याने हे साम्य खरोखरच चकवणारे आहे. आईने मागच्या वर्षी भाजीसाठी लावलेली अंबाडी कमरेएवढी झाली तेव्हा सोसायटीचे सचिव गच्चीची पाहणी करायला आले आणि बराच वेळ त्या कुंड्यांभोवती घुटमळून मला हळूच म्हणाले, “तुम्ही त्या परदेशी कामात आहात म्हणून विचारतो, राग मानू नका.” आईने त्यांना त्याच संध्याकाळी डाळ घालून केलेली भाजी नेऊन दिली. पिवळी फुले येईपर्यंत त्यांचा पुरता विश्वास बसला नसावा.

उघड्यावर लावले की सगळे निर्मळ होते असेही नाही. उत्तर कॅलिफोर्नियात हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन परगण्यांच्या डोंगरांत वर्षानुवर्षे उन्हातच गांजा पिकला, आणि तेथे नुकसान पाण्याचे झाले. तेथील ओढ्यांवरच्या २०१५ मधील एका अभ्यासात एका झाडाला हंगामात दिवसाला सुमारे २२.७ लिटर पाणी लागते असे धरले होते. नेमक्या कोरड्या महिन्यांत शेकडो पंप बसल्यावर काही लहान ओढे आटण्याच्या बेताला आले आणि त्यांत वाढणारे सामन माशांचे पिल्लू उघडे पडले. चोरट्या लागवडींत उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन जंगलातील फिशर हा प्राणी मेल्याचेही आढळले. त्यावर राज्याने नियम केला की १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात गांजासाठी ओढ्या-नद्यांचे पाणी उचलायचे नाही. जे साठवायचे ते तेथील पावसाळ्यात, म्हणजे हिवाळ्यात साठवा. कोकणपट्टीत राहणाऱ्याला हा नियम कळायला वेळ लागत नाही. चार महिने धो धो पाऊस आणि पुढचे आठ महिने टँकर हे आपण घोडबंदर रस्त्यावर दरवर्षी पाहतोच.

भारतात या झाडाला रीतसर वाट मिळाली ती धाग्याच्या आणि बियांच्या मार्गाने. केंद्रीय कायद्यातच औद्योगिक उपयोगासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये तिचा उपयोग करून, नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणांच्या लागवडीला परवाना देणे सुरू केले. भांगेच्या बियांची चटणी कुमाऊँ आणि गढवालमध्ये पूर्वापार खाल्ली जाते, आणि २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बिया व त्यांचे तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली. हे पीक दाट पेरले की तण वर येऊ देत नाही, त्यामुळे तणनाशक लागत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. धागा सुटा करण्यासाठी खोडे तळ्यात भिजत घातली तर पाणी सडते, त्यापेक्षा शेतातच दवावर कुजवणे बरे. यात कोठेही दिव्याची गरज नाही.

आमच्या कामाचे पुढे काय झाले ते सांगतो. मी पत्राद्वारे तीन सूचना पाठवल्या: अर्धी लागवड शेजारच्या मोकळ्या जागेत पडद्यांच्या हरितगृहात न्यावी; दोन कक्षांचे दिवसरात्र उलटसुलट ठेवून एका कक्षाची उष्णता दुसऱ्याच्या कोरड्या हवेला ऊब देण्यासाठी वापरावी; आणि यंत्रांतून गळणारे पाणी गाळून पुन्हा झाडांना घालावे. पहिली सूचना वास आणि चोरी यांच्या भीतीने नाकारली गेली. दुसरीवर विचार करू असे उत्तर आले, जे आमच्या व्यवसायात नकाराचे सौम्य रूप आहे. तिसरी त्यांनी लगेच स्वीकारली, कारण पाण्याचे बिल त्यांना दर महिन्याला दिसत होते. ती टाकी आता आरेखनाच्या अखेरच्या आवृत्तीत आहे, पंधराशे लिटरची. आई गेली कित्येक वर्षे खोलीतल्या एसीच्या नळीखाली बादली ठेवून ते पाणी अंबाडीला घालते, हे मी त्या पत्रात लिहिले नाही.