जुन्या ऑल्टोच्या पुढच्या चाकांमागचे तीन आवाज

‘पुढून आवाज येतोय’ एवढंच सांगून गाडी गॅरेजात सोडली की बहुतेक वेळा शॉकअप बदलून मिळतात. आवाज तसाच राहतो, मग लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलतात, मग स्टिअरिंगचा रॅक. तीन महागडे भाग बदलूनही मूळ दोष जागेवरच असतो, कारण आवाज कुठून येतोय हे कानाने ठरवलेलं असतं. मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चौकट नसून पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते अशा गाडीत, हे चालत नाही. पत्र्यातून आवाज फिरतो. डाव्या चाकातला ठोका फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरून, डॅशबोर्डच्या मधोमध ऐकू येतो आणि उजव्या सीटवरच्या माणसाला तो पायाखालचाच वाटतो. म्हणून मी ‘कुठून’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवतो. आधी विचारायचं ते ‘केव्हा’.

गाडी 2006 ची ऑल्टो, 796 सीसी, 1,30,000 किलोमीटर झालेली. फिरणं मुख्यतः चिपळूण परिसरात, अधूनमधून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडकडे. म्हणजे चार महिने पाण्याने भरलेले खड्डे आणि उरलेले आठ महिने जांभ्याची बारीक लाल धूळ. रबर आणि ग्रीस या दोघांनाही हे हवापाणी मानवत नाही.

मी सुरुवात वहीत केली. आठवडाभर प्रत्येक आवाजापुढे चार गोष्टी लिहिल्या: वेग किती, स्टिअरिंग सरळ की वळलेलं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर की ब्रेकवर, आणि रस्ता सपाट की उंचसखल. आवाजाला नाव द्यायला मराठीत शब्दांची वाण नाही, तेव्हा ‘नॉइज’ म्हणून थांबायचं कारणच नाही. आठवड्यानंतर कळलं की ‘समोरची खडखड’ म्हणून जे एकच दुखणं वाटत होतं, ते तीन वेगळे आवाज होते. एक ‘ठक्’: गतिरोधकावर आणि हलका ब्रेक मारताना, एकदाच. दुसरा ‘टकटकटक’: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी जागेवरून पुढे काढताना. तिसरा ‘घूंऽऽ’: ताशी 45 च्या पुढे, सरळ रस्त्यावरही.

जॅक लावायच्या आधी फुकटची कारणं संपवली. चाकांचे नट पान्याने तपासले. व्हीलकॅप काढून ठेवल्या, कारण ढिली कॅप अगदी सस्पेन्शनसारखी वाजते. टायरच्या खाचांतले खडे स्क्रू ड्रायव्हरने काढले. बॉनेट उघडून स्ट्रटचे (शॉकअप आणि स्प्रिंगच्या उभ्या खांबाचे) वरचे नट आणि बॅटरीची पट्टी हाताने हलवून बघितली. बॅटरी ढिली असेल तर प्रत्येक खड्ड्यात ‘ठक्’ येतो आणि बिचारा शॉकअप बदनाम होतो.

मग रस्त्यावरच्या चाचण्या. मोकळा, सपाट रस्ता, काचा खाली, पंखा आणि रेडिओ बंद.

घूंऽऽ आवाजासाठी ताशी 55 वर क्लच दाबला आणि इंजिन आयडलला येऊ दिलं. आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. मग गाडी हलकेच डावी-उजवी अशी लांब लाटेत चालवली. डावीकडे वळवलं की वजन उजव्या चाकावर जातं, उजवीकडे वळवलं की डाव्या चाकावर. उजवीकडे वळताना आवाज वाढत होता आणि डावीकडे वळताना दबत होता. संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर. आपल्याकडे डावं चाकच जास्त मार खातं. रस्त्याची कड, साचलेलं पाणी, खचलेली साइडपट्टी, सगळं त्याच बाजूला.

टकटकसाठी मोकळं मैदान. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू गोल फिरवली, मग दुसऱ्या बाजूला, मग तेच रिव्हर्समध्ये. अ‍ॅक्सिलरेटर दिला की टकटक येते आणि पाय काढला की विरते, तर तो बाहेरच्या सीव्ही जॉइंटचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टच्या चाकाकडच्या सांध्याचा आवाज. ताण असतानाच गोळ्या झिजलेल्या खाचेत आपटतात. वेगाशी जुळतोय का हेही मोजता येतं. 145/80 आर 12 टायरचा घेर साधारण 1.7 मीटर, म्हणजे चाकाच्या दहा फेऱ्यांत गाडी 17 मीटर जाते. टायरवर खडूची रेघ मारून कोणाला तरी बाजूने चालायला सांगा. एका फेरीला एकच ‘टक’ असेल तर आधी टायरमधला खिळा किंवा वाकलेली डिस्क बघा. सीव्ही जॉइंट एका फेरीत बऱ्याच वेळा टकटकतो. कोणत्या बाजूचा जॉइंट, हे वळण्याच्या दिशेवरून ठरवायचा नियम लोक सांगतात, मी त्यावर भिस्त ठेवत नाही. खाली वाकून जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस धरून ठेवणारं आवरण) बघणं जास्त खात्रीचं.

‘ठक्’ने मात्र बराच वेळ घेतला, आणि शिकण्यासारखंही त्यातच सगळ्यात जास्त होतं.

पहिली शंका ब्रेकवर. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना कोरड्या पडल्या किंवा पॅडची क्लिप गेली की खराब रस्त्यावर पॅड खडखडतात. त्याची परीक्षा सोपी: तसल्याच रस्त्यावर ब्रेकवर पाय नुसता टेकवायचा. पॅड डिस्कला टेकले की खडखड थांबते. इथे उलटं झालं, ब्रेक टेकवला की ‘ठक्’ यायचा. मग ताशी 10 ने पुढे जाऊन ब्रेक मारला: एक ठक्. पुन्हा ब्रेक मारला: काही नाही. आता रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला: पुन्हा एक ठक्. दिशा बदलल्यावर एकदाच ठोका, याचा अर्थ काहीतरी पुढे-मागे सरकतंय आणि एकदा सरकलं की तिथेच टेकून राहतंय. शॉकअप असा आवाज देत नाही.

या गाडीची रचना इथे समजून घ्यायला हवी. आजच्या बऱ्याच गाड्यांत स्टॅबिलायझर बार हा छोट्या लिंक रॉडने स्ट्रटला जोडलेला असतो. त्याचं काम वळणावर गाडी कलू न देणं, एवढंच. जुन्या मारुती 800 मध्ये आणि या ऑल्टोत लिंक रॉड नाहीच. बारचं टोक सरळ लोअर आर्मच्या भोकातून जातं, तिथे रबरी बुश (धातूच्या दोन भागांमधलं रबराचं कडं), वॉशर, कॅसल नट (खाचांचा नट) आणि तो सुटू न देणारी स्प्लिट पिन. लोअर आर्मला बॉडीकडे एकच बोल्ट आहे. त्यामुळे चाकाला पुढे-मागे सरकू न देण्याचं कामही हाच बार करतो. बुश झिजला की ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं, वॉशर धातूवर आपटतो, आणि तोच तो ‘ठक्’. ब्रेक मारताना गाडी किंचित एका बाजूला ओढत असेल तर हा संशय आणखी पक्का. नव्या गाड्यांवर हात बसलेला कारागीर लिंक रॉड शोधतो, तो सापडत नाही म्हटल्यावर शॉकअपकडे वळतो.

आता गाडी वर घ्यायची. पुढची दोन्ही चाकं हवेत असताना पहिला गिअर टाकून काहीही उपयोग नाही, कारण गिअर धरतो तो पुढच्याच चाकांना. हँडब्रेक पूर्ण ओढायचा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, लावून बॉडी एकदा जोरात हलवून बघायची, मगच हात आत घालायचा.

दोन्ही चाकं एकदम उचलायचं कारणही स्टॅबिलायझर बारच. एकच चाक उचललं तर बार पिळला जातो आणि बुश ताणाखाली घट्ट बसतात. मग टॉमीने (लोखंडी पहारीने) कितीही हलवा, ढिलेपणा दिसत नाही. ‘सगळं टाइट आहे साहेब’ हे उत्तर पुष्कळदा याच चुकीतून येतं.

चाक घड्याळासारखं धरलं. वरचा हात 12 वर, खालचा 6 वर, आणि आत-बाहेर हलवलं. डाव्या चाकात किंचित ‘टुकटुक’ जाणवली. मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि पुन्हा हलवलं, ढिलेपणा नाहीसा झाला. ब्रेकने डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो जाड धातूचा भाग) एकत्र धरले गेले, म्हणजे खेळ त्या दोघांच्या मधे होता, अर्थात बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही तो राहिला असता तर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे लोअर आर्म आणि नकलमधला सांधा. 3 आणि 9 वर हात ठेवून हलवलं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा नकलला जोडणारा सांधा) आणि रॅक कळतात, तिथे काही नव्हतं. मग एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. चांगल्या बेअरिंगच्या बाजूला स्प्रिंग शांत असते. डाव्या बाजूला बोटांना बारीक खरखर लागत होती, जात्यात खडा आल्यासारखी. ही परीक्षा मला कानापेक्षा भरवशाची वाटते, कारण दोन्ही बाजू लागोपाठ ताडून पाहता येतात.

या गाडीसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या रचनेत गाडीचं वजन स्ट्रटवर येतं, लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर नाही. त्यामुळे चाक लोंबकळत असताना आर्म आणि नकलच्या मधे टॉमी घालून हलकं उचललं की बॉल जॉइंटचा खेळ लगेच दिसतो. इथे तो ठीक निघाला. टॉमी बारच्या टोकाशी लावली तेव्हा मात्र डावा बुश सुमारे 4 मिलिमीटर सरकला आणि वॉशरच्या कडेला धातूची घासून चकाकणारी रेघ दिसली. उजवा बुश अजून धरून होता, तरी बुश जोडीनेच बदलायचे.

सीव्ही जॉइंटचं उत्तर रिमच्या आतल्या बाजूला लिहिलेलं होतं. उजव्या चाकात काळ्या ग्रीसचे फवारे उडालेले, बाहेरच्या बुटाच्या दुसऱ्या वळीत बोटभर चीर. चाकं लोंबकळत असताना इंजिन चालू करून गिअर टाकून ‘ऐकणं’ टाळा. त्या अवस्थेत शाफ्टचे कोन नेहमीपेक्षा जास्त असतात, चांगला जॉइंटही कुरकुरतो आणि निदान चुकतं. हातानेच फिरवा.

दुरुस्तीत कुठे चुकतं, तेवढं लिहितो.

सीव्ही जॉइंट एकदा टकटकायला लागला की नवा बूट आणि ग्रीस भरून आवाज जात नाही. खाचा खड्डे पडून गेलेल्या असतात, जॉइंटच बदलावा लागतो. बूट फाटलाय पण आवाज नाही, अशा वेळी मात्र जॉइंट रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, नवा बूट चढवला तर तो वाचतो. किटसोबत आलेलं काळं मोलिब्डेनमचं ग्रीस सगळंच्या सगळं भरायचं. डब्यातलं साधं ग्रीस चालत नाही. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला तर गिअर ऑइल सांडतं आणि ऑइल सीलच्या ओठाला ओरखडा बसू शकतो. बाहेरचा जॉइंट बदलायला शाफ्ट पूर्ण काढला असेल तर शेवटी ऑइलची पातळी बघायला विसरू नका.

बेअरिंग हातोडीने ठोकून बसवायचं नाही. नकल काढून प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये न्यायचं. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आत घालताना आधार आतल्या रिंगला. दाब गोळ्यांमधून गेला तर रिंगवर बारीक खळगे उमटतात आणि नवं बेअरिंग काही दिवसांत घूं करायला लागतं. हबचा नट नवा, आणि तो टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचा. पाइप लावून अंदाजाने आवळलेला नट हेही बेअरिंग लवकर जाण्याचं एक कारण.

लोअर आर्मचा बोल्ट ही आणखी एक जागा. नकल काढताना आर्म मोकळा करायला तो ढिला केला होता. चाक लोंबकळत असताना तो शेवटपर्यंत आवळला तर आतलं रबर खालच्या स्थितीत चिकटून बसतं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश लवकर फाटतो. मी नट हाताने लावून ठेवले, चाकं चढवून गाडी खाली घेतली, पुढचा भाग दाबून दोन-तीनदा डोलवला आणि मग वजन चाकांवर असतानाच आवळले. स्टॅबिलायझरच्या कॅसल नटला स्प्लिट पिन नवीन घातली, जुनी सरळ करून परत घालायची नाही. बुश बसवताना रबराला ऑइल किंवा डिझेल लावू नये, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

काम झाल्यावर अलाइनमेंट केली आणि पुन्हा तोच रस्ता, तेच चार गतिरोधक, तेच मैदान. ठक् गेला, टकटक गेली. पुढे-मागे ब्रेकची परीक्षाही शांत. घूंऽऽ मात्र पूर्ण गेला नाही, तीन हिश्श्यांतला एक उरला. नवं बेअरिंग खराब निघालं, असं म्हणायचा मोह इथे होतो. पण लाटेत चालवल्यावर हा उरलेला आवाज डावी-उजवीकडे बदलत नव्हता. डाव्या टायरवरून तळहात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीचे दात. ढिल्या बुशमुळे आणि बेअरिंगमुळे टायर तसा झिजला होता. पुढचे दोन्ही टायर त्याच बाजूने मागे टाकले, मागचे पुढे आणले आणि पुन्हा ताशी 55 वर गेलो. घूं आता मागच्या सीटखालून येत होता.