अस्वलाची चरबी कढवली त्याची गोष्ट

आम्ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला राहतो आणि इथे १ सप्टेंबरला अस्वलाच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. शेजारचा म्हातारा दरवर्षी जातो. शिकारीचं मांस इथे विकता येत नाही पण भेट देता येतं, म्हणून यंदा तो तीन किलो पांढरीशुभ्र चरबी पिशवीत घालून दारात उभा. (आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वल मारणं गुन्हा आहे, तेव्हा हे सगळं इथलंच, घरी कोणी ट्राय करू नका!)

खरं तर मी जरा घाबरून होतो कारण दोन वर्षांपूर्वी हरणाची चरबी वितळवून त्यात बटाटे परतले होते, आणि ती चरबी जरा थंड झाली की मेणासारखी घट्ट होते, टाळूला असा थर बसला की चहा पिऊनही जाईना. म्हातारा म्हणाला अस्वलाचं तसं नसतं, ही चरबी मऊ, घरात बाहेर ठेवली तरी अर्धी पातळच राहते. फक्त अस्वलाने काय खाल्लंय ते बघायचं, बेरी आणि ओकची फळं खाल्लेलं असेल तर वास नाही, कचऱ्याचे डबे उपसणारं असेल तर विसरा.

चरबी अर्धवट गोठलेली असतानाच कापायची, नाहीतर हातातून निसटते. मांसाचा लाल तुकडा दिसेल तो काढून टाकायचा, एक तर तो करपतो आणि दुसरं म्हणजे अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे जंत असू शकतात, त्यातले काही फ्रीजरमध्येही मरत नाहीत, मांस ७१ डिग्रीपर्यंत शिजवावंच लागतं. मग बारीक तुकडे, जाड बुडाचं पातेलं, तळाला वाटीभर पाणी आणि अगदी मंद गॅस.

पुढचं मला कोणी शिकवायची गरजच पडली नाही, आईला लोणी कढवताना बघितलंय ना! आधी गढूळ, मग तडतड, पाणी उडत गेलं की आवाज हळूहळू कमी होतो. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं, म्हणजे शंभर डिग्री कधीच ओलांडली, जंतांचीही काळजी नको. तीनेक तास लागले. मलमलच्या कापडातून गाळलं, खाली तूप कढवल्यावर उरते त्या बेरीसारखे खरपूस तुकडे राहिले ते मीठ लावून उभ्या उभ्या संपवले.

पहिला प्रयोग शंकरपाळ्यांचा, तुपाऐवजी या चरबीचं कडकडीत मोहन. इतक्या खुसखुशीत कधीच झाल्या नव्हत्या. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं "मोहन कशाचं घातलंस रे?" मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. तिच्या लहानपणी गावात दरवेशी यायचा, पोरांना अस्वलावर बसवायचा आणि केस ताईतात घालून द्यायचा, तिच्यासाठी अस्वल म्हणजे ते.

बाहेर ठेवली तर लवकर खवट होते म्हणून बरण्या फ्रीजरमध्ये आहेत. एक रोजच्या वापराची फ्रिजमध्ये, तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "तूप नाही" लिहिलंय, कारण परवा बायको त्यातलंच चमचाभर निरांजनात घालायला निघाली होती.