वळू बघायचा तर खुरापासून

आमच्या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात जनावर म्हणजे डांगी. घाटघर, रतनवाडी, भंडारदरा या बाजूला जो पाऊस कोसळतो त्यात दुसरी जात तग धरत नाही. डांगीच्या कातडीला अंगचाच तेलकटपणा असतो, पाणी निथळून जातं. खूर काळे आणि गारगोटीसारखे कडक. पावसाळाभर भातखाचरातला चिखल तुडवायचा आणि उरलेलं वर्ष कातळावर चरायचं, तर पाय तसेच लागतात. तरी वळू घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो. पारा आहे, बहाळा आहे की मनेरी, यावर तासभर वाद घालतो. मग शिंगं, मग वशिंड. खुराकडे नजर गेलीच तर शेवटी, तीही उभ्या उभ्या.

गावासाठी नवा वळू आणायची वेळ आमच्यावर आली ती जुन्या वळूच्या पायामुळे. गाई उलटायला लागल्या होत्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत होत्या. कुणी चाऱ्याला बोल लावला, कुणी गाईंना, एका घरी तर नजरही उतरवून झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध काढलंच नाही. माजावरची गाय आणा म्हणाले आणि बाजूला उभे राहिले. वळू चढत होता आणि काम होण्याआधीच उतरत होता. मागच्या पायाच्या दोन नख्यांमधल्या बेचकीत मांस वाढून गाठ झाली होती आणि ती चिघळली होती. उडी घेताना वळूचा सगळा भार मागच्या दोन पायांवर येतो. तिथेच ठणका असला तर बाकीचं अंग कितीही भरलेलं असो, उपयोग शून्य. शिवाय पायाच्या जखमेने ताप भरला की बीज बिघडतं. वळूचं बीज तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे पाय बरा झाला तरी पुढचे काही आठवडे गाई उलटतच राहणार.

कृत्रिम रेतन का नाही, असं लोक विचारतात. डांगी दिवसभर रानात असते, माज कळतो तो संध्याकाळी गुराख्याने सांगितल्यावर. मग निरोप जायचा, माणूस घाट चढून पाड्यावर यायचा, तोवर माज ओसरलेला असतो. जिथे रस्ता बरा आहे तिथे जरूर करावं. आमच्याकडे कळपात वळू हवाच.

गाई असलेल्या घरांनी वर्गणी काढली आणि बघायला जायचं काम तात्यांवर आणि माझ्यावर आलं. तात्यांची उमर गुरांत गेलेली, माझ्याकडे मोटारसायकल. निघण्याआधी डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली: “पायात काही दिसलं की लगेच नाक मुरडू नका. हे त्याच्या वाट्याला आलेलं आहे की रक्तातलं आहे, एवढं आधी ठरवा. वाट्याला आलेलं त्याच्यापाशीच राहतं. रक्तातलं तुमच्या प्रत्येक वासराला जाईल.” आमचा सगळा शोध पुढे या एका वाक्यावर चालला.

राजूरच्या प्रदर्शनात डांगीचा एकेक नग बघून डोळे निवतात, पण खरेदीसाठी प्रदर्शन मला पटलं नाही. जनावर धुतलेलं, शिंगं घोटलेली, खुरांना तेल, आणि बहुतेकांचे खूर नुकतेच तासलेले. तासणं चांगलंच, मात्र तासलेल्या खुरात खोड लपते. घोटीच्या बाजारात गर्दी इतकी की जनावर दहा पावलं सरळ चालवता येत नाही. म्हणून ठरवलं, पसंत पडेल त्या वळूला त्याच्या मालकाच्या दारात जाऊन बघायचं.

प्रदर्शनात एक मनेरी वळू मनात भरला होता. चारदाती, म्हणजे चार पक्के दात आलेला, लांबलचक, माणसाळलेला. त्याच्या गोठ्यावर गेलो तेव्हा तासून बरेच आठवडे झाले होते आणि मागच्या दोन्ही पायांच्या बाहेरच्या नख्या आतल्या बाजूला पीळ घेऊ लागल्या होत्या. बाहेरची कड तळव्याखाली वळत होती. मालक म्हणाले, “खुंट्यावर उभा राहून झालंय, चालला की झिजेल.” खुंट्यावर बांधलेल्या जनावराचे खूर वाढतात हे खरं, पण ते पुढे लांब होतात, चपटे होतात. असा पीळ घेत नाहीत. तात्या काही न बोलता गोठ्यात शिरले आणि गाई बघू लागले. वळूची आई आणि तिचीच एक थोरली कालवड, दोघींची तीच नखी, तोच पीळ. चहा घेतला आणि निघालो. माझा जीव त्या वळूवर अडकला होता हे खरं, आणि वाटेत तात्यांशी मी थोडं भांडलोसुद्धा. पण गाई वर्षानुवर्षं गावात राहतात. अशा वीस-पंचवीस कालवडींचे खूर दर सहा महिन्यांनी कोण तासणार?

बाकी बरेच झटपट बाद झाले. एकाचे मागचे पाय खांबासारखे सरळ, घोट्यात बाक नाही. असा पाय धक्का झेलत नाही, वय झालं की सांधा जातो. एकाची टाच इतकी बसलेली की चालताना जवळजवळ जमिनीला लागत होती. एक तर अंगावरच आला, त्याचे खूर बघायची आम्हाला हौस राहिली नाही.

चाल बघायची पद्धत तात्यांची होती. आधी कडक जमिनीवर कासरा ढिला ठेवून चालवायचा, मागून आणि बाजूने बघायचं. मागचं पाऊल पुढच्याच्या ठशात किंवा अगदी जवळ पडलं पाहिजे. पुढचा पाय टेकताना मान वर झटकत असेल तर तिथे दुखतंय. मग विहिरीच्या डोणीपाशी जिथे ओल असते तिथून न्यायचा आणि वळूला सोडून ठसे बघत बसायचं. दोन्ही नख्या सारख्या उमटल्या आहेत का, एकीकडे जास्त रुतलाय का. लोक हसत असत, पण चिखल खोटं बोलत नाही, तासलेला खूर बोलू शकतो. त्यानंतर खोड्यात घेऊन पाय उचलायचा, बेचकीत बोट फिरवायचं, तळवा दाबून बघायचा, वास घ्यायचा. सडकं असेल तर नाकाला आधी कळतं.

शेवटी जो मिळाला तो घाटाजवळच्या एका पाड्यावर. पौष महिना होता. चाल उत्तम, नख्या सारख्या, टाच उंच. पण आठही नख्यांवर आडवी खाच होती, केस संपतात तिथपासून साधारण तीन सेंटीमीटर खाली. खूर महिन्याला सुमारे अर्धा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे खाच सहा महिन्यांमागची, आषाढातली. मालकाला विचारलं, वळू आजारी होता का. “छे, कधी शिंकलासुद्धा नाही.” ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या आईने मान वर केली. “आरं, आखाडात लाळ्या आल्ता ना समद्यांना. ह्यो तर चार दिस उठत नव्हता.” मालक पोराला पाणी आणायला ओरडले.

मला तिथेच नको वाटला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, खाच एकाच नखीवर असती तर तिथे मार बसला असेल. आठही नख्यांवर, एकाच उंचीवर, म्हणजे ताप. लाळ्या-खुरकुताने खूर तात्पुरता थांबला आणि पुन्हा वाढू लागला. खाच खाली सरकत जाऊन झिजून जाईल. हे वाट्याला आलेलं. मात्र लाळ्यातून उठलेली काही जनावरं पुढे उन्हात धापा टाकतात, ते बघा. म्हणून भर दुपारी त्याला चढण चढवली आणि वर जाऊन त्याच्या बरगडीवरून श्वास मोजत बसलो. थोड्या वेळात श्वास जागेवर आला. त्याची आई त्याच कातळावर चरत होती, म्हातारी, आणि तिचे खूर कुणी कधी तासले नव्हते तरी सरळ होते. त्या गाईनेच आमचा निर्णय केला म्हणायला हरकत नाही.

सौदा रुमालाखाली झाला, तेव्हा आकडा लिहीत नाही. ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा रोग), क्षय आणि जोन्स (आतड्याचा रोग) यांच्या तपासण्या झाल्याशिवाय पैसे पूर्ण द्यायचे नाहीत, हे मात्र उघड बोलून घेतलं. डॉक्टरांनी अंडकोष हाताने तपासले, टेपने घेर मोजला. गावात आणल्यावर तीन आठवडे वेगळा बांधला, आणि त्या काळात आमच्या गाईंचं लाळ्या-खुरकुताचं लसीकरण उरकून घेतलं. पहिल्या दिवशी त्याला मोरचुदाच्या पाण्यातून चालवला, शंभर लिटरला पाच किलो. त्याची जागा उताराची, मुरूम टाकलेली आणि कोरडी ठेवतो. शेण-मुतात उभा राहिला तर डांगीचा खूरही मऊ पडतो. कोवळा आहे म्हणून आठवड्याला दोन-तीन गाईंपेक्षा जास्त नाही.

तीन-चार वर्षांनी तो बदलावा लागेल, नाहीतर आपल्याच लेकींवर जाईल. त्यासाठी पलीकडच्या गावाशी अदलाबदलीचं बोलणं सुरू आहे. त्याआधीचा तिढा वेगळाच आहे. रानात गाईंमागे फिरणारे मोकाट गोऱ्हे चेचल्याशिवाय, म्हणजे त्यांचं खच्चीकरण केल्याशिवाय, या निवडीला अर्थ नाही. त्यासाठीचा बर्डिझो चिमटा घेऊन डॉक्टर यायला तयार आहेत. गावातली दोन घरं अजून ऐकत नाहीत, आणि त्यातलं एक तात्यांच्या भावाचं आहे.